दोन मिनिटांत भांडं पोचवून येतो

एक काचेचं भांडं एका घरी पोचवायचं, याला माणसाला किती वेळ लागावा? मी सांगतो. दोन मिनिटं! दार वाजवायचं, भांडं हातात द्यायचं, 'बरंय, येतो' म्हणायचं आणि निघायचं. मी उभा जन्म जंगलात झाडं पाडण्यात घालवला. पाइनचं झाड कुठं पडणार ते मी आधी जमिनीत काठी रोवून दाखवायचो आणि झाड त्या काठीच्या डोक्यावरच यायचं. अशा माणसाला भांडं पोचवायचं ते काय मोठं!

त्या शनिवारी सकाळी मी हेच माझ्या बायकोला, व्हर्नाला, सांगितलं. ती माझा शर्ट इस्त्री करत होती. तिनं वर न बघता फक्त "हं" केलं.

शर्टाला इस्त्री चालली होती त्याला कारण होतं. मी हिवाळाभर गावच्या वाचनालयाच्या तळघरात वाचायला शिकत होतो. सत्तरी उलटल्यावर! पोरवयात शाळा सोडून कुऱ्हाड हातात घेतली, ती घेतलीच. त्यानंतर माझं सगळं वाचन व्हर्नानं केलं. औषधाच्या बाटल्या, वादळाचे इशारे, नातीची पत्रं, रोजचं वर्तमानपत्र. सकाळी ती वाचायची आणि मी ऐकत कॉफी प्यायचो. लग्न झाल्यापासून तिला गरम कॉफी कधी मिळालीच नाही, कारण वाचता वाचता तिचा कप निवून जायचा.

तर त्या शनिवारी दुपारी तीनला आमच्या वर्गाचा शेवटचा कार्यक्रम होता. आमच्या होल्मबाईंनी प्रत्येकाला एकेक शेपटीवालं क्रियापद दिलं होतं. शेपटीवालं हा त्यांचाच शब्द. इंग्रजीतलं क्रियापद एकटं असतं तेव्हा सरळ वागतं. मागं एक छोटंसं शेपूट चिकटलं की मात्र ते घरचं असून ओळख दाखवत नाही. ही क्रियापदं मी जन्मभर बोलत आलो होतो, पण उघडून कधी बघितली नव्हती. मोटारीचं झाकण पहिल्यांदा उघडावं तसं झालं!

प्रत्येकानं उभं राहायचं, आपल्या क्रियापदाचे अर्थ वाचून दाखवायचे, त्याचा वापर सांगायचा आणि स्वतःच्या आयुष्यातलं एक उदाहरण द्यायचं. समोर घरची माणसं बसणार. माझ्या शेजारी बसणाऱ्या माय यांगला 'गेट अलाँग' मिळालं होतं, म्हणजे एकमेकांशी जुळवून घेणं. तिच्या घरात सासू होती, त्यामुळे उदाहरणाची तिला चिंता नव्हती. मला मिळालं 'ड्रॉप ऑफ'.

याला अर्थ तीन. पहिला, वस्तू किंवा माणूस एका ठिकाणी पोचवून आपण लगेच पुढं निघून जाणं. दुसरा, बसल्या बसल्या डोळा लागणं. तिसरा, संख्या हळूहळू घटत जाणं. मी सगळं स्वतःच्या हातानं लिहून काढलं होतं. उदाहरणाची जागा तेवढी मोकळी ठेवली होती, कारण मला ताजं उदाहरण हवं होतं. गावातल्या मार्लिसच्या घरी तिचं भांडं परत द्यायचं होतंच. ते जाता जाता द्यायचं आणि तसंच सांगायचं!

"मी पहिल्या रांगेत बसणार आहे," व्हर्ना म्हणाली. "आणि उद्यापासून वर्तमानपत्र तू वाचायचंस. मी ऐकणार आणि कॉफी पिणार. गरम."

"झालंच म्हणून समज!"

"तीनला. बाई सोमवारी आईकडे जाताहेत, पुढचा वर्ग एकदम बर्फ पडल्यावर. आज चुकलं तर चुकलं."

"चुकतंय कशाला?"

"मार्लिस कॉफी विचारेल."

"नको म्हणेन."

"दुसऱ्यांदा विचारेल."

"दुसऱ्यांदा नको म्हणेन."

"आणि तिसऱ्यांदा?"

आमच्या उत्तर मिनेसोटात पहिल्या दोन वेळा नको म्हणायचं असतं. पहिल्यांदा हो म्हणणारा माणूस हावरट. पण तिसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे त्या घराशी संबंध तोडणं. माझ्या एका चुलत्यानं तसं केलं होतं. त्याला शेवटी राज्य सोडून विस्कॉन्सिनला जाऊन राहावं लागलं.

"तिनं विचारायच्या आत निघेन," मी म्हणालो. "भांडं पायरीवर ठेवायचं, घंटी वाजवायची आणि पसार. विचारायला माणूस समोर तर हवा!"

व्हर्ना कॉफीची मोठी किटली लावायला आधीच वाचनालयात गेली. मी जेवून, इस्त्रीचा शर्ट घालून, लिहिलेला कागद खिशात आणि भांडं शेजारच्या सीटवर ठेवून निघालो. हे भांडं मार्लिसकडून आमच्याकडे आलं ते माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी, जंगली तांदूळ आणि कोंबडी एकत्र भाजून केलेल्या हॉटडिशनं काठोकाठ भरून. अर्थात ते रिकामं परत करायचं नसतं. व्हर्नानं त्यात रुबार्बच्या आंबटगोड वड्या भरल्या होत्या.

मार्लिसच्या घरापुढं मी ट्रकचं इंजिन चालूच ठेवलं आणि चोरपावलांनी पायऱ्या चढलो. पण गुडघा नवा होता, त्याला चोरपावलांची सवय नव्हती. शेवटच्या पायरीवर तो असा कडकन वाजला, की घंटीची गरजच उरली नाही.

"अर्विड!" मार्लिस दारात. "भांडं ठेवून पळतोस? माझ्या घरात काय साथ आलीय?"

"नाही गं, घाई आहे. वाचनालयात..."

"ते तीनला. कॉफी घे."

"नको."

"घोटभर?"

"नको, खरंच नको."

"केलेलीच आहे रे. नाहीतर ओतून द्यावी लागेल."

तिसऱ्यांदा! मी जाऊन ट्रकचं इंजिन बंद केलं.

मार्लिसनं वड्या ताटलीत काढल्या, भांडं धुतलं आणि ओट्यावर उपडं घातलं. नवीन वाचायला शिकलेल्या माणसाचं एक वाईट असतं. अक्षर दिसलं की त्याला थांबता येत नाही. मी तेव्हा पिठाच्या पिशव्या वाचायचो, खताची पोती वाचायचो, चर्चमध्ये प्रार्थना सोडून आग विझवायच्या नळकांड्यावरच्या सूचना वाचायचो. समोर भांड्याचं बूड आलं आणि बुडावर नावाची चिकटपट्टी. आमच्याकडे प्रत्येक बाई आपल्या भांड्याच्या बुडाला अशी नावाची पट्टी लावते, कारण चर्चच्या जेवणाला सगळ्यांची भांडी एकसारखीच येतात. पट्टी लावतात सगळ्या, वाचत मात्र कुणी नाही. आपलं भांडं आपल्याला ओळखू येतंच, असा प्रत्येकीचा विश्वास!

"ला... वॉन," मी मोठ्यानं वाचलं आणि शाबासकीसाठी मार्लिसकडं बघितलं.

मार्लिसच्या हातातली किटली हवेतच थांबली. "काय म्हणालास?"

"लावॉन. स्वच्छ लिहिलंय."

मार्लिस खाली बसली. लावॉनचं भांडं हरवल्याची गोष्ट गावात कुणाला सांगावी लागत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी चर्चच्या शरद ऋतूतल्या जेवणात ते गेलं. लावॉननं सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "ज्यानं नेलंय त्याला रात्री झोप कशी येते?" आणि त्यानंतर दर वर्षी त्या जेवणाला ती आपला पदार्थ कागदाच्या थाळीत आणू लागली. कागदाच्या! कुणी काही बोललं नाही, पण ती थाळी टेबलावर आली की सगळा हॉल मान खाली घालून जेवायचा.

"आणि मी तिच्या बाजूनं बोलले रे!" मार्लिस म्हणाली. "मी म्हणाले, लोकांना लाजच उरली नाही! तिच्याबरोबर चर्चची कपाटं शोधली मी!"

"मग आता?"

"आता तू ते नेऊन दे. तुझ्या वाटेवरच आहे. नुसतं ड्रॉप ऑफ कर."

तिनं हेच क्रियापद वापरलं! मी मनात म्हटलं, एकाऐवजी दोन उदाहरणं झाली.

"आणि माझं नाव घेऊ नकोस," ती म्हणाली.

"मग कुणाचं घेऊ?"

"कुणाचंच नको. पायरीवर ठेव आणि जा."

"असंच? रिकामं?" मी विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"रिकामं?" मार्लिस उठली. "मी काय रानातून आलेय?"

आणि तिनं बटाट्याचं सॅलड करायला बटाटे उकडत ठेवले. कच्चे बटाटे! मी घड्याळाकडं बघितलं. बटाटे घड्याळाकडं बघत नव्हते.

तेवढा वेळ मी हात बांधून बसलो असतो तर पुढचं टळलं असतं. पण समोर बिस्किटांनी भरलेला एक पत्र्याचा लांबट डबा होता. पाव भाजायचा असतो तसला. मी तो उचलून, मान वाकडी करून, खालून वाचला.

"ऑ... रिन."

"अर्विड, तू आता वाचायचं बंद कर!"

ऑरिन म्हणजे तळ्याच्या टोकाला एकटा राहणारा मासेमार. डबा त्याच्या आईचा होता. आईच्या मयताच्या जेवणाला ऑरिननं तो स्वतःच्या नावाची पट्टी लावून चर्चमध्ये आणला आणि मार्लिसकडून परत करायचा राहून गेला.

"त्याची आई जाऊन किती वर्षं झाली?" मी विचारलं.

"ते विचारू नकोस. तोही घेऊन जा. बिस्किटं आहेतच त्यात."

एक भांडं घेऊन मी त्या घरात शिरलो होतो. सॅलडनं भरलेलं भांडं, बिस्किटांचा डबा आणि पोटात ठेवायचं एक गुपित, एवढं ओझं घेऊन बाहेर पडलो. अजून वेळ होता. लावॉनची पायरी, मग ऑरिनची पायरी, मग वाचनालय. थांबायचं कुठंच नाही!

लावॉनच्या घरापुढं पोचलो तर लावॉन पायरीवरच बसलेली. तिथंच, जिथं मी भांडं ठेवणार होतो!

"काय रे अर्विड? काय आणलंस?"

"काही नाही. म्हणजे, तुझं भांडं. सापडलं."

"कुठं?"

"वाटेत."

तिनं भांडं वर उचललं, खालून पट्टी बघितली आणि लहान लेकरू धरावं तसं छातीशी धरलं. सॅलड तिच्या स्वेटरला लागलं, त्याचंही भान नाही.

"माझंच! मी म्हटलं नव्हतं? कुणी नेलं होतं? नाव सांग."

"नाव नाही सांगता येणार."

"म्हणजे तुला माहीत आहे! आत ये."

"मला उशीर..."

"कॉफी घे."

यावेळी मी दोनदा नको म्हणण्यात वेळच घालवला नाही. हावरट तर हावरट! लावॉननं भुवया उंचावल्या, पण मला तिच्या नवऱ्याच्या आरामखुर्चीत बसवलं. नवरा बिचारा वारला, पण खुर्चीत त्याचा खड्डा तसाच होता आणि मी त्यात बेमालूम बसलो. लावॉननं कॉफी दिली, सॅलड वाढलं, स्वतःही एक घास घेतला आणि चमचा खाली ठेवला.

"यात सफरचंद आहे."

मी भराभर खायला लागलो. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

"बटाट्याच्या सॅलडमध्ये सफरचंद घालणारी बाई या गावात एकच आहे," लावॉन म्हणाली. "अर्विड, माझ्याकडं बघ. मार्लिस!"

मी आणखी एक मोठा घास घेतला.

"माझ्याबरोबर कपाटं शोधत होती! मला रुमाल देत होती! थांब, भांडं धुते आणि त्याच भांड्यासकट तिच्या दारात जाते. सगळ्या गावासमोर दाखवते!"

तिनं उरलेलं सॅलड दुसरीकडं काढलं आणि आत नळ सोडला. वाफ बाहेरपर्यंत येत होती. माझ्या पोटात घरचं जेवण, मार्लिसकडं खाल्लेल्या वड्या आणि वरून हे सॅलड. खुर्ची मऊ होती, पाण्याचा आवाज एकसुरी होता. मी डोळे मिटले ते फक्त पुढं काय करावं याचा विचार करायला.

जाग आली तेव्हा नळ बंद होता. आमच्या क्रियापदाचा दुसरा अर्थ मी नीट पार पाडला होता! लावॉन माझ्यापुढं उभी होती. हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. चेहरा उतरलेला.

"तू जा अर्विड. तीन वाजून गेले."

"वाजून गेले? मला उठवायचं नाही का! आणि मार्लिसला मात्र तू काही..."

"मार्लिसला कशाला काय बोलू?" ती पुटपुटली. "जा तू. व्हर्ना तिथंच असेल ना?"

"असेल."

"मग मी येते मागून."

या बाईला एकाएकी काय झालं, ते मला कळलं नाही. विचार करायला वेळही नव्हता. मी ट्रक पिटाळला. ऑरिनचा डबा दुसऱ्या दिवशी देऊ असं ठरवलं, तर वळणावर रस्त्याच्या मधोमध ऑरिन उभा. त्याला चुकवून जायचं म्हणजे ट्रक तळ्यात घालायचा. मी ब्रेक दाबला.

"मार्लिसचा फोन आला," ऑरिन म्हणाला. एवढं बोलणं म्हणजे त्याच्या आठवड्याचं बोलणं.

मी खिडकीतून डबा दिला. त्यानं तो उलटसुलट करून बघितला. झाकणावरून अंगठा फिरवला.

"आईचा," तो म्हणाला.

"हो. बरंय, येतो मी!"

हे खरं ड्रॉप ऑफ! अगदी पुस्तकी! मी गिअर टाकणार तोच तो म्हणाला, "थांब." आणि घरात गेला. धुरी दिलेला एक भलामोठा मासा वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला. सावकाश. ऑरिन तळ्यावर वादळ आलं तरी सावकाशच वल्हवतो.

"मार्लिसला. बिस्किटांबद्दल."

"ऑरिन, मला उशीर झालाय रे! वाचनालयात मला वाचून दाखवायचंय."

"तू वाचतोस?"

"हो."

"हं," ऑरिन म्हणाला. मग ट्रकला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं आला, दार उघडून माझ्या शेजारी बसला आणि मासा मांडीवर घेतला. "चल."

वाचनालयापाशी पोचलो तर माणसं बाहेर पडत होती. माय यांग तिच्या सगळ्या गोतावळ्यासकट पायऱ्या चढून वर येत होती.

"अहो, कुठं होतात तुम्ही?" ती म्हणाली. "किती वेळ वाट बघितली! आधी भरपूर लोक होते. मग एकेक करून गेले."

म्हणजे तिसरा अर्थही झाला.

तळघरात खुर्च्या मिटून भिंतीला लावल्या होत्या. पहिल्या रांगेतली एकच खुर्ची उघडी होती आणि तिच्यावर व्हर्ना बसली होती. पर्स मांडीवर, कोट अंगात. होल्मबाई किटली पुसत होत्या. व्हर्ना मला बघून रागावली असती तर बरं झालं असतं.

"दोन मिनिटं," ती म्हणाली.

"व्हर्ना, अगं तिनं तिसऱ्यांदा विचारलं..."

"माशाचा वास कसला येतोय?"

माझ्यामागं ऑरिन उभा होता. तो म्हणाला, "माझा." आणि एक खुर्ची उघडून व्हर्नापासून दोन खुर्च्यांची जागा सोडून बसला.

"वाचा ना तुम्ही," होल्मबाई म्हणाल्या. "मी अजून कुलूप लावलेलं नाही."

मी खिशातून कागद काढला. लावॉनच्या खुर्चीत पेंगताना ताटली छातीवर कलंडली असणार, कारण तो सॅलडच्या तेलानं इतका भिजला होता, की दोन्ही बाजूंची अक्षरं एकमेकांत शिरली होती. मी तो उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. व्हर्ना माझ्याकडं बघत होती. आता ती उठेल, कागद हातातून घेईल आणि आजवर घेत आली तसं वाचून दाखवेल, असं मला वाटलं. तिला तसं करू द्यावं असंही क्षणभर वाटलं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. मार्लिस आली. लावॉनला कळलं की नाही या काळजीनं तिला घरात बसवलं नव्हतं. ती आत येऊन टेकते न टेकते तोच लावॉन आली, टॉवेलातलं भांडं घेऊन. मार्लिसचा चेहरा पांढराफटक पडला. मी दोघींच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. पडत्या झाडाखाली उभं राहायचं नसतं, हे मला ठाऊक होतं तरीही!

पण लावॉन मार्लिसच्या शेजारून सरळ पुढं गेली आणि भांडं व्हर्नाच्या मांडीवर ठेवलं.

"हे तुझं."

"माझं?" व्हर्ना म्हणाली. "हे मार्लिसचं."

"माझं नाही!" मार्लिस म्हणाली. "ते लावॉनचं."

"माझं नाही," लावॉन म्हणाली. "अर्विड, तू वाच. तुलाच मेल्याला फार हौस आहे वाचायची."

व्हर्नानं भांडं उपडं केलं. गरम पाण्यानं लावॉनच्या नावाची पट्टी सुटली होती. तिच्याखाली आणखी एक पट्टी होती. जुनी, पिवळी पडलेली. अक्षर बारीक आणि उजवीकडं झुकलेलं. आमच्या घरातल्या प्रत्येक बरणीवर हे अक्षर मी बघत आलो होतो. बघत आलो होतो, वाचलं कधी नव्हतं.

"व्हर... ना," मी वाचलं. मग पुन्हा, न अडखळता वाचलं. "व्हर्ना."

व्हर्ना माझ्याकडंच बघत होती, भांड्याकडं नाही.

"पट्टी मीच लावली होती," लावॉन म्हणाली. "त्या जेवणाच्या आदल्या वर्षी. माझंच समजून उचललं असणार. आणि मग मीच ओरडत बसले."

पहिल्यांदा मार्लिसला हसू फुटलं. तोंडावर हात ठेवूनही ते थांबेना. मग लावॉन हसली, मग होल्मबाई. ऑरिन "हं" म्हणाला.

"थांबा, थांबा!" मी म्हणालो, कारण मला तेव्हाच आठवलं. "व्हर्ना, हे तेच भांडं ना? मी बर्फावर मासे पकडायला नेलं आणि तळ्यात बुडवलं, असं तू दर हिवाळ्यात सांगतेस ते?"

"तू काही बोलला नाहीस ना तेव्हा!"

"मला वाटलं, बुडवलं असेल!"

"बरं बरं," व्हर्ना घाईघाईनं म्हणाली. "तू तुझं क्रियापद सांग."

मी तेलकट कागद खिशात घातला आणि तोंडी सांगितलं. तिन्ही अर्थ. तिन्हींचा वापर.

"आणि तुमच्या आयुष्यातलं उदाहरण?" होल्मबाईंनी विचारलं.

मी समोर बघितलं. मार्लिस, लावॉन, मासा घेऊन बसलेला ऑरिन.

"दुसऱ्या आणि तिसऱ्या अर्थाची आहेत," मी म्हणालो. "पहिल्या अर्थाचं आमच्या गावात मिळत नाही."

बाईंनी मला प्रमाणपत्र दिलं. त्यावरचं माझं नाव मीच मोठ्यानं वाचलं. व्हर्नानं रुमाल काढला. ऑरिनच्या माशामुळे डोळे चुरचुरतात म्हणाली. मग आम्ही सगळे निघालो, म्हणजे दारात उभे राहिलो, मग जिन्यात उभे राहिलो, मग ट्रकपाशी उभे राहिलो. आमच्याकडं निघायची रीतच तशी आहे. ट्रकची काच खाली करून झाल्यावर लावॉनला एकदम काहीतरी सुचलं.

"पण मग माझं भांडं कुठं आहे?"

मार्लिसनं लगेच आकाशाकडं बघितलं. बाकीचेही बघायला लागले.

"कोपऱ्याला टवका उडालेलं होतं," लावॉन म्हणाली. "कुणीतरी नेलंच आहे ते. आणि त्याला रात्री झोप कशी येते, हे मला अजूनही कळत नाही!"

ऑरिनला त्याच्या वळणावर सोडून आम्ही घरी आलो. व्हर्ना उद्याच्या वर्तमानपत्राची जागा करायला टेबल आवरू लागली. आजवर तिला एवढ्या खुशीत टेबल आवरताना मी बघितलं नव्हतं. मी म्हटलं, भांडं आपल्या हातानं जागेवर ठेवावं. ओट्याखालचं कपाट उघडलं. आत तशीच दोन भांडी एकात एक बसवलेली होती. ठेवायला जागा करावी म्हणून खालचं बाहेर काढलं. त्याच्या कोपऱ्याला टवका उडालेला होता.

मी ते हळूच उपडं केलं. पट्टी शाबूत होती. अक्षर ठळक, एका नजरेत वाचता येईल असं.

"काय रे, गप्पसा झालास?" व्हर्ना टेबलापासून म्हणाली. "नवीन काही सापडलं का वाचायला? वाच की मोठ्यानं, ऐकू दे मला!"

"अक्षरच लागत नाही गं," मी म्हणालो आणि खणात चिकटपट्टीचं रीळ शोधायला लागलो.